दोनशे चौदा नंबरचा बिल्ला

१५ ऑक्टोबर २००६, रविवार

पोचले एकदाची! ही वही बाबांनी नागपूर स्टेशनवर हातात कोंबली. म्हणाले, परदेशात माणूस स्वतःशी बोलायला लागतं, त्यापेक्षा वहीशी बोललेलं बरं. रेल्वे वर्कशॉपचे निवृत्त फिटर भीमराव मेश्राम यांची आज्ञा मोडायची माझी टाप नाही. म्हणून लिहिते आहे.

काल हीथ्रोवर उतरले आणि दोन बॅगा ओढत थेट कॅमडेनला गेले. किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब विद्यार्थी असताना जिथे राहिले ते घर. घर खासगी आहे, आत जाता येत नाही, पण भिंतीवर पाटी आहे. मी फाटकाशी उभी राहिले आणि वेड्यासारखी रडले. कोपऱ्यावरच्या फोनबूथमधून बाबांना फोन लावला. त्यांनी पहिलं काय विचारावं? दार कोणत्या रंगाचं आहे. मी सांगायला तोंड उघडलं तर ओरडले, नको सांगू, मी स्वतः येऊन बघीन. छप्पन साली ते सतरा वर्षांचे होते, दीक्षाभूमीवर गर्दीत उभे होते. यंदा दसऱ्याला त्याला पन्नास वर्षं झाली, तो सोहळा बघूनच मला निघू दिलं. आता पुढच्या चौदा एप्रिलला त्यांना त्या दारासमोर उभं करायचं, हे माझं नक्की. आई गेल्यापासून त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं नाही.

आज किंग्ज क्रॉसहून गाडी, मग दोन डब्यांची छोटी गाडी, मग बस. स्केलविक हे गाव समुद्राच्या कड्यावर चिकटलेलं आहे. तीन पब, एक चिप्सचं दुकान, एक चर्च आणि गावाबाहेर खाणीचं उंच धुराडं. घरमालकीण मिसेस थ्वेट हिनं विचारलं, हॉस्पिटलची डॉक्टर का? मी म्हटलं, नाही, फिजिक्सची, तुमच्या खाणीत डार्क मॅटर शोधायला आले आहे. ती म्हणाली, माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं तिथे खताचं पोटॅश काढलं, त्याला तसलं काही सापडलं नव्हतं. मला बाई आवडली.

१८ ऑक्टोबर, बुधवार

आज पहिल्यांदा खाली गेले. केशरी सूट, हेल्मेट, कपाळावर दिवा, कमरेला आणीबाणीत श्वास घ्यायचा डबा. मोबाईल खाली चालत नाही, तो लॉकरमध्ये ठेवायचा. मग बिल्ला. प्रत्येकाचे दोन पितळी बिल्ले असतात, एकाच नंबरचे. माझे दोनशे चौदा. एक खाणीच्या तोंडाशी बसलेल्या नॉर्मनला द्यायचा, तो फळ्यावर टांगतो. दुसरा खिशात ठेवायचा आणि वर आल्यावर परत करायचा, की नॉर्मन दोन्हींची जोडी लावून खोक्यात टाकतो. फळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस खाली. नॉर्मन साठीचा, लाल नाकाचा. त्यानं मला सांगितलं, पोरी, माझ्यासाठी तू म्हणजे हा बिल्ला, बाकी तुझं तोंड मला आठवणार नाही. बाबांना हे सांगितलं तर खूश झाले. त्यांच्या वर्कशॉपातही सकाळी बिल्ला टांगल्याशिवाय हजेरी लागत नसे. बापाचा बिल्ला पोरीकडे आला म्हणाले.

केज, म्हणजे खाणीची लिफ्ट, सात मिनिटं खाली जाते. अकराशे मीटर. डोक्यावर दगड आणि दगडावर नॉर्थ सी. खाली थंडी असेल म्हणून मी आत लोकर घातली होती. खाली नागपूरचा मे! भिंती मिठाच्या, हात लावला की कोमट. आणि अशा भट्टीत आमच्या लॅबमध्ये तांब्याच्या टाकीत जगातली सगळ्यात गार जागा आहे. हेलियमनं गार करत करत पार खालच्या शून्याला टेकवलेला एक स्फटिक, आपल्या आमटीच्या वाटीएवढा. डार्क मॅटर आपल्या सगळ्यांतून आरपार जात असतं, कशालाच लागत नाही. कधीतरी एखादा कण या स्फटिकाला धडकला तर तो कणभर तापेल, एवढीच आशा. एवढ्याशा उबेची वाट बघत आम्ही बसायचं.

अडचण अशी की हा स्फटिक फार हळवा. शेजारून कोणी चाललं तरी तारा थरथरतात आणि आलेखावर टेकाडं उमटतात. ती पावलं ओळखून डेटामधून झाडून टाकायची, हे माझं काम. म्हणजे पीएच.डी. करून झाडूवालीच झाले. कॉलिन म्हणून टेक्निशियन आहे, त्यानं दुपारपर्यंत माझी पावलं ओळखलीसुद्धा. लहानपणी सायकलवरून पडले तेव्हापासून माझा डावा पाय जरा आखडता पडतो. आलेखावर एक टेकाड मोठं, एक छोटं, एक मोठं, एक छोटं. कॉलिन म्हणाला, तू इथून चोरी करून पळूच शकत नाहीस.

५ नोव्हेंबर, रविवार

आज इथला कसलासा सण, गावात फटाके वाजले. कड्यावर मोठी होळी पेटवली होती, सगळं गाव जमलं होतं. मी पण जाऊन उभी राहिले. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी जात होती, सॉरी लव्ह म्हणत होती, पण थांबत कोणी नव्हतं. आमचं डार्क मॅटर मीच की काय, असं वाटलं. आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

कार्डिफला मीनल आहे, माझी नागपूरची मैत्रीण, तिथल्या हॉस्पिटलात नर्स. तिचा फोन आला. तिच्या बोलण्यात आता निम्मं इंग्लिश असतं. म्हणाली, अगं, फर्स्ट विंटर सगळ्यांनाच जड जातो, व्हिटॅमिन डी घे, जीपी डॉक्टरकडे रजिस्टर कर आणि वीकेंडला माझ्याकडे ये. नीट आहेस ना? मी म्हटलं, सगळं ठीक. बाबांना दर रविवारी फोन असतो, त्यांनाही तेच. जेवली का, थंडी आहे का, माणसं बरी आहेत का. सगळं ठीक, बाबा. फोन ठेवला की खोलीत इतकी शांतता होते की कान दुखतात. मी एकटी आहे. लिहून टाकलं, बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर, सोमवार

कॉलिनची पाठ धरली. जानेवारीपर्यंत घरी. प्रोफेसरबाई विद्यापीठातून महिन्याला एकदा येतात, म्हणजे खाली आता मी एकटी. एकटीनं काम करायचं तर नियम असा की दर तासाला नॉर्मन खाली फोन करणार. लॅब वन, ऑल वेल? आपण म्हणायचं, ऑल वेल. उत्तर आलं नाही तर शोधायला माणसं खाली येतात. आठवड्यात तोंडाला असं वळण लागलं की काल मिसेस थ्वेटनं सूप हवं का विचारलं आणि मी म्हटलं, ऑल वेल. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो एकच आवाज, त्यामुळे मी घड्याळाकडे बघत बसते. हे नॉर्मनला कळलं तर त्याचं नाक आणखी लाल होईल.

दोन चुका झाल्या की खाली जायचा परवाना रद्द. खाली न्यायची बंदी असलेली काडेपेटी सापडली म्हणून एकाला गेल्या आठवड्यात घरी बसवलं. माझी एक चूक झाली आहे, हेल्मेट न घालता केजपर्यंत गेले होते. परवाना नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर बाबांचा व्हिसा नाही. जपून राहायला हवं.

१४ डिसेंबर, गुरुवार

बाबांचा पासपोर्ट आला! नागपुरात पोस्टमन आज येणार होता, म्हणून मी खाली काम आटोपून तीनच्या केजनंच वर आले. पाळी सुटत होती, तोंडाशी पन्नास माणसं, धक्काबुक्की. तशीच पळत सुटले. फोनवर बाबा पासपोर्टवरचं स्वतःचं नाव इंग्लिशमध्ये वाचून दाखवत होते, एकेक अक्षर. फोटोत मी गुन्हेगार दिसतो म्हणाले. अर्धा तास हसलो.

आठ वाजता कपडे धुवायला काढले तर सुटाच्या खिशात बिल्ला. परत करायचा राहिला. म्हणजे फळ्यावर मी पाच तास खालीच आहे. आता खाणीवर फोन केला तर दुसरी चूक लागणार. आणि नॉर्मननं तर दर तासाला फोन केला असेल, उत्तर मिळालं नसेल, शोधायला माणसं गेली असतील. मग अजून मला कोणी विचारायला कसं आलं नाही?

सकाळी बघू. नॉर्मन चांगला माणूस आहे.

१५ डिसेंबर, शुक्रवार

शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

मी काही बोलायच्या आधीच नॉर्मन म्हणाला, काल फार उशिरापर्यंत काम केलंस पोरी, तब्येत सांभाळ. त्यानं चार वाजता फोन केला, पाच वाजता, सहा, सात, आठ, नऊ. दर वेळी मी ऑल वेल म्हणाले. नऊ वाजता म्हणे मी म्हटलं, रात्रपाळीच्या केजनं वर येते. आणि आलेही. रात्रीच्या माणसाकडे बिल्ला दिला. नॉर्मननं वही दाखवली: दोनशे चौदा, वर, नऊ चाळीस. खोक्यात माझी जोडी पूर्ण होती, दोन बिल्ले, चकचकीत.

तिसरा माझ्या मुठीत होता.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. तीनला वर आले, चूक झाली, खाली जी होती ती मी नव्हे. पण नॉर्मन वाट बघत होता, मागे रांग होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा तो गुन्हेगारासारखा फोटो. मी म्हटलं, हो, हेलियम भरत होते, उशीर झाला. त्यानं वहीत सही करायला सांगितलं. मी केली. तिसरा बिल्ला खोलीतल्या खणात, मोज्यांखाली ठेवला आहे. कोणीतरी गंमत केली असेल. खाणीतली माणसं नव्या माणसाची थट्टा करतातच.

१९ डिसेंबर, मंगळवार

गुरुवारचा डेटा उघडला. तीनपर्यंत माझी पावलं आहेत. तीन ते चार, काही नाही, स्वच्छ सरळ रेघ. चार वाजता पावलं. टाकीपासून फोनपर्यंत सोळा, आणि परत सोळा. पाच वाजता पुन्हा. सहा वाजता पुन्हा. एक टेकाड मोठं, एक छोटं. एक मोठं, एक छोटं.

मी स्वतः टाकीपासून फोनपर्यंत चालून पाहिलं. सोळा. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. केसाचाही फरक नाही.

आणखी एक. चारच्या आधी दाराजवळ एकही पाऊल नाही. म्हणजे ती बाहेरून आत आलेली नाही. जी सुरुवात झाली ती टाकीपाशीच. मी तो सगळा भाग कचरा म्हणून झाडून टाकला. तेच तर माझं काम.

२ जानेवारी २००७, मंगळवार

नाताळात खाण दहा दिवस बंद होती. खाली कोणी नाही. आज डेटा पाहिला, रोज दर तासाला सोळा पावलं जातात आणि फोनपाशी थांबतात. नॉर्मन तर सुट्टीवर होता. फोन कोणी केलाच नाही, तरी ती जाऊन उभी राहते. तिलाही एकच आवाज ऐकायला मिळतो, तोही सुट्टीवर. मला तिची दया आली. हे असं वाटणं बरं नाही.

रविवारी बाबांना बिल्ल्याचं सांगितलं, फक्त विसरले एवढंच. मग त्यांनी कधी न सांगितलेलं सांगितलं. वर्कशॉपात ज्ञानेश्वर म्हणून त्यांचा दोस्त होता. तो रोज उशिरा येई, म्हणून बाबा त्याचा बिल्ला टांगून ठेवत. एक दिवस तो आलाच नाही. संध्याकाळी कळलं, सकाळी सातलाच ट्रकखाली गेला होता. पण फोरमन शपथेवर सांगत होता की ज्ञानेश्वर दिवसभर लेथ मशीनवर होता, दुपारी मी त्याला रागावलो. दिवसभराचं काम झालेलं होतं, कार्डावर त्याचंच अक्षर. बाबा म्हणाले, मी त्याची हजेरी लावली तेव्हा मी त्याच्या जागी कोणालातरी बसवलं, पोरी. आपण जिथे नाही तिथे आपली मोजणी होऊ द्यायची नाही. तू लगेच जाऊन खरं सांगून टाक. सांगशील ना?

मी म्हटलं, सांगते. सगळं ठीक, बाबा.

२२ जानेवारी, सोमवार

काल ताप होता, दिवसभर झोपून होते. बाबांना फोन करायचा राहिला. आज केला तर म्हणाले, अगं, काल तासभर तर बोललो. फार बरं वाटलं म्हणाले. मी आईच्या आठवणी काढल्या म्हणे, ती दिवाळीत अनारसे बिघडवायची ते. कोणालाच माहीत नसलेलं. आवाज इतका स्वच्छ होता, जणू शेजारच्या खोलीतून. फक्त मागे कसलातरी पंप चालू होता म्हणाले.

लॅबच्या फोनवरून बाहेरची लाईन मिळते. पंप लॅबमध्येच आहे.

कॉलिन कामावर परत आला आहे, तरी नॉर्मनचा दर तासाचा फोन चालूच आहे. मला बघून म्हणाला, तू दोन मिनिटांपूर्वी आत नव्हतीस का.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

मीनलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू बर्न आऊट झाली आहेस, आज बॅग भर आणि माझ्याकडे ये. मग म्हणाली, पण मंगळवारी बोललीस तेव्हा तर किती छान मूडमध्ये होतीस.

मंगळवारी मी बोलले नाही.

मिसेस थ्वेट सकाळी माझी प्लेट मांडत नाही. रोज दचकते, म्हणते मला वाटलं तू खाणीवरच आहेस. बसचा ड्रायव्हर माझ्यासमोर दार लावून निघून गेला. मी हात केला होता.

१८ मार्च, रविवार

नॉर्मनला सांगायला चारदा गेले. प्रत्येक वेळी तो विचारतो, ऑल वेल? आणि तोंडातून तेच. त्या सहीपाशी सगळं अडतं. मी सही केली आहे. खाली होती ती मीच, असं मी लिहून दिलं आहे.

बाबांचा व्हिसा झाला. बारा एप्रिलला दुपारी हीथ्रो. ते म्हणाले, तू सांगितलंस तसा निळा कोट बघेन, म्हणजे गर्दीत सापडशील.

मी कोटाचं काही सांगितलेलं नाही.

मी भीत नाही असं लिहिणार होते. भीते. ती मला काही करेल म्हणून नव्हे. बाबा उतरतील आणि दाराशी ती उभी असेल, आणि त्यांना काही वेगळं वाटणारच नाही, म्हणून.

१० एप्रिल, मंगळवार

उद्या शेवटची पाळी, मग केजचा दोर बदलायला आठ दिवस खाण बंद. हेलियम भरायला खाली जावंच लागेल. उद्याच दोनच्या फोनवर नॉर्मनला सांगणार. परवाना गेला तर गेला, पण परवा दुपारी मी हीथ्रोवर असेन.

रात्री खण उघडला. मोजे आहेत. बिल्ला नाही.

निळा कोट खुंटीवर नाही.

११ एप्रिल, बुधवार

दोन वाजता फोन. लॅब वन, ऑल वेल? मी म्हटलं, नॉर्मन, चौदा डिसेंबरला — तो म्हणाला, काय गं? इतक्या मायेनं म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. ऑल वेल.

मूर्ख. मूर्ख. मूर्ख.

कॉलिन खोकी घेऊन पुढे गेला. मी दार लावून मागून निघाले. बोगद्याच्या टोकाला केज दिसत होती. कॉलिन आत शिरत होता. त्याच्याबरोबर आणखी एक केशरी सूट. डावा पाय आखडता. ती काहीतरी बोलली आणि कॉलिन हसला. मी हाक मारली. घंटा तीनदा वाजली. केज गेली.

नॉर्मनला फोन केला. तो म्हणाला, कोण बोलतंय? सगळे वर आहेत, मी तीनदा मोजले. दोनशे चौदा? तिनं आत्ताच हातात हात दिला, बाप येतोय म्हणून किती खूश होती. असली थट्टा बरी नव्हे. ठेवला.

माझा बिल्ला माझ्या खिशातच आहे. वर जोडी पूर्ण.

१२ एप्रिल, गुरुवार

पाण्याचा पिंप आहे. बिस्किटं आहेत. ही वही डब्याच्या पिशवीत आणली होती. नॉर्मन आता उचलत नाही. बाहेरची लाईन नुसती वाजते.

माझा मोबाईल वर लॉकरमध्ये होता. आता तिच्याकडे.

बारा चाळीस. विमान उतरलं असेल. बाबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. खिडकी मिळाली का, कोण विचारेल —

ते ओळखतील. बाप आहे. चाल बघून ओळखतील —

चाल माझीच आहे. मीच दोन्ही आलेख एकावर एक ठेवले होते.

१३ एप्रिल

दर तासाला उठून फोनपाशी जाते. सोळा पावलं. वाजत नाही. तरी जाते. टाकीतला स्फटिक मोजत असेल.

कोणी झाडून टाकेल. कचरा म्हणून.

१४ एप्रिल

दिवा मंद. लाईन लागली. माझाच नंबर फिरवला. वाजतोय —

बाबा! बाबांनी उचलला. रिसीव्हर खांद्यात धरून लिहिते आहे, नाहीतर कोणाला खरं वाटणार नाही —

मागे गाड्या, पक्षी. ते पाटीसमोर उभे आहेत. दाराचा रंग बघितला त्यांनी. हॅलो, कोण, म्हणतायत.

बाबा, मी शीला.

मग म्हणाले, हा पंप कशाचा.

खालून बोलते आहे, बाबा. खाणीतून. बिल्ला. तुमचा ज्ञानेश्वर —

श्वास ऐकू येतो आहे. कळलं. त्यांना कळलं! अगदी हळू म्हणाले, मग ही समोर माझा फोटो काढून राहिली, ही कोण?

म्हणाले, पोरी, तू बरी आहेस का. खरं सांग. मी येतो.

सांगते. या वेळी खरं —

फोन कोणीतरी त्यांच्या हातून घेतला.

माझा आवाज. लॅब वन, ऑल वेल?

बाबा शेजारी आहेत. ऐकतायत. ओरडायचं आहे मला, आणि माझं तोंड आपलं आपणच —